लिबरल आर्ट्स महाविद्यालयात चित्रकला शिकावी का? एका पालकांच्या प्रश्नाला उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपली मुलगी नागपुरात अकरावी विज्ञानला आहे, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत तिला ‘ए’ ग्रेड मिळाली आहे, आणि बारावीनंतर येथील बी.एफ.ए.ला, म्हणजे ललित कलेच्या पदवीला, न जाता अमेरिकेतील एखाद्या लिबरल आर्ट्स महाविद्यालयात ‘स्टुडिओ आर्ट’ हा मुख्य विषय घ्यायचा, असे तिने ठरवले आहे. तेथे नेमके काय शिकवतात, तिचा हात तयार होईल का, आणि एवढा खर्च करून पुढे काय, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी बी.एफ.ए. नागपुरात केले, एम.एफ.ए. ही त्यापुढची पदव्युत्तर पदवी अमेरिकेत घेतली आणि तेथील एका लहान महाविद्यालयात सहा वर्षे पहिल्या वर्षाच्या मुलांना ड्रॉइंग शिकवून परत आलो. दोन्हीकडच्या उणिवा जवळून पाहिलेल्या असल्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

आधी शब्दाचा घोळ दूर करतो. आपल्याकडे ‘आर्ट्सला गेला’ याचा अर्थ दहावीला गुण कमी पडले, असाच घेतला जातो, आणि ‘लिबरल आर्ट्स’ म्हटले की घरातील वडीलधारी मंडळी तोच अर्थ लावतात. तेथील लिबरल आर्ट्स महाविद्यालयात भौतिकशास्त्र, गणित, अर्थशास्त्र, इतिहास, संगीत आणि चित्रकला एकाच आवारात, एकाच पदवीच्या चौकटीत शिकवली जातात. बहुतेक ठिकाणी मुलीला प्रवेश मिळतो तो महाविद्यालयात, चित्रकला विभागात नव्हे. मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस जाहीर करायचा असतो. चार वर्षांत साधारण ३२ अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात. त्यांपैकी १० ते १२ मुख्य विषयाचे असतात आणि त्यांतही दोन-तीन कलेच्या इतिहासाचे निघतात. उरलेले वीस अभ्यासक्रम कोणत्याही विभागाचे असू शकतात. पदवी बी.ए.ची मिळते, बी.एफ.ए.ची नाही, आणि हा फरक पुढे कोठे कोठे आडवा येतो ते मी खाली सांगणार आहे.

आता हाताच्या प्रश्नाकडे येतो, कारण आपल्या पत्रातील खरी काळजी तीच आहे. त्याचे उत्तर मी हिशेबाने देतो. तेथील एक स्टुडिओ अभ्यासक्रम आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी सुमारे तीन तास भरतो. सत्र चौदा आठवड्यांचे धरले तर एका अभ्यासक्रमाचे ८४ तास होतात, आणि असे नऊ अभ्यासक्रम केले तर चार वर्षांत वर्गातले तास भरतात ७५६. आपल्याकडील बी.एफ.ए.ला रोज पाच तास, आठवड्याचे पाच दिवस आणि वर्षाचे तीस आठवडे धरले तर एका वर्षाचेच ७५० तास होतात. म्हणजे तेथील चार वर्षांचे वर्गातले तास येथील एका वर्षात बसतात. हा ढोबळ हिशेब आहे. आपल्याकडे किती तास प्रत्यक्षात भरतात आणि किती सबमिशनच्या आदल्या रात्रीवर ढकलले जातात हे मीही पाहिले आहे, आणि तेथे वर्गाबाहेर तितकेच तास काम करावे अशी अपेक्षा असते व चांगली मुले ते करतातही. एवढे सगळे धरले तरी तफावत मोठी उरते. तेथून पदवी घेतलेल्या आणि ज्यांना माणसाचे डोके खांद्यावर नीट बसवता येत नाही अशा मुलांना मी स्वतः शिकवले आहे, आणि ती मुले आळशी नव्हती. त्यांना तेवढे तास मिळालेच नव्हते.

मग त्या बदल्यात काय मिळते? पहिली गोष्ट म्हणजे ‘क्रिट’, म्हणजे वर्गाने मिळून केलेली चित्राची चिकित्सा. आपल्या जुरीत बहुधा असे होते की चित्रे भिंतीवर लागतात, परीक्षक फिरतात, कोणी ‘कम्पोझिशन डावीकडे जड झाले आहे’ म्हणतो, गुण पडतात आणि विद्यार्थी चित्रे गुंडाळून घरी जातो. तेथील क्रिटमध्ये बारा-पंधरा मुलांचा वर्ग एकाच चित्रासमोर अर्धा-पाऊण तास बसतो. ज्याचे चित्र असते तो बहुतेक वेळ गप्प राहतो, आणि बाकीच्यांना आधी फक्त काय दिसते ते सांगावे लागते. आवडले की नाही हा मुद्दा फार उशिरा येतो. हे ऐकायला सोपे वाटते, पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला ‘मला येथे एक रिकामी खुर्ची दिसते आणि तिची सावली चुकीच्या बाजूला पडली आहे, हे मुद्दाम केले आहे का?’ असे वाक्य नीट बोलायला एक सत्र लागते. आपल्या चित्राविषयी दहा जण दहा गोष्टी बोलत असताना त्यांतील कोणती मनावर घ्यायची आणि कोणती सोडून द्यायची, हे ओळखायला दुसरे सत्र जाते. माझ्या पहिल्या क्रिटमध्ये मी रडकुंडीला आलो होतो, आणि तेव्हा माझ्याजवळ बी.एफ.ए.ची पदवी होती.

दुसरी गोष्ट उदाहरणानेच सांगता येईल. रामटेकजवळ मनसर भागात मँगनीजच्या खाणी आहेत, हे आपल्याला माहीत असेलच. त्या भागातली एक मुलगी माझ्या हाताखाली शिकली. तिचे आजोबा खाणीत कामाला होते. चित्रकलेबरोबर तिने भूशास्त्राचे दोन अभ्यासक्रम घेतले होते. त्यांतल्या एका तासाला तिला कळले की ‘अंबर’ या तपकिरी रंगद्रव्याचा रंग लोह आणि मँगनीज यांच्या ऑक्साइडांमुळे येतो. मँगनीज तेलाचे वाळणे वेगाने घडवून आणते, म्हणून पॅलेटवर अंबर इतर रंगांच्या आधी सुकतो. हा अनुभव तैलरंगात काम करणाऱ्या प्रत्येकाला असतो. त्याचे कारण मात्र मी स्वतः पंधरा वर्षे रंगवूनही कोणाला विचारले नव्हते. सुट्टीत घरी आल्यावर तिने खाणीबाहेरच्या ढिगाऱ्यातील माती आणली, धुऊन गाळली आणि काचेच्या जाड तक्त्यावर जवसाच्या तेलात घोटून स्वतःचा रंग तयार केला. मँगनीजची धूळ श्वासातून गेल्यास मज्जासंस्थेला अपाय होतो, म्हणून माती ओलीच हाताळायची आणि मास्क काढायचा नाही, ही सक्त ताकीद तिला रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी दिली होती.

त्या रंगात तिने अखेरच्या वर्षाच्या प्रदर्शनासाठी आजोबांची आणि त्यांच्या सोबत्यांची चित्रे करायला घेतली. पहिल्या क्रिटमध्ये मातीचे नमुने, नकाशे, मजुरीची जुनी पुस्तिका असे सगळे भिंतीवर होते, आणि एका सहाध्यायाने सरळ विचारले की यात चित्र कोठे आहे. प्रश्न रास्त होता. विषय तिच्याकडे होता, रंगही होता, पण खाणीतून वर येणाऱ्या माणसाची पाठ कशी वाकते हे काढण्याइतका तिचा हात तयार नव्हता. तिने प्रदर्शन पार पाडले, ते चांगलेही झाले, आणि पदवीनंतर ती दोन वर्षे नागपुरात राहून रोज सकाळी फक्त माणसे काढत बसली. लिबरल आर्ट्स शिक्षणात काय मिळते आणि काय राहून जाते, हे मला याहून नेमके सांगता येत नाही.

चित्रकला इतर विषयांच्या शेजारी बसवण्याचा हा विचार काही अलीकडचा नाही, आणि केवळ अमेरिकेचाही नाही. शांतिनिकेतनात कलाभवन १९१९ साली सुरू झाले ते भाषा, संगीत आणि शेतीच्या प्रयोगांच्या सोबतीने. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये १९३३ साली ब्लॅक माउंटन कॉलेज निघाले. कला हा सर्वांच्याच शिक्षणाचा गाभा असावा, मग पुढे कोणी काहीही होवो, अशी त्याची मांडणी होती. जर्मनीतील बाउहाउस ही कलाशाळा बंद पडल्यावर तेथील शिक्षक योझेफ आल्बर्स या कॉलेजात शिकवायला आले. रंगीत कागदाचा एकच तुकडा दोन वेगवेगळ्या पार्श्वभूमींवर ठेवून तो दोन रंगांचा कसा दिसतो, हे ते मुलांकडून करवून घेत. चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग आणि शिल्पकार रूथ असावा हे दोघे त्यांच्याच वर्गातून निघाले. पैशांच्या अडचणीत ते कॉलेज १९५७ साली बंद पडले, पण आज अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांत रंगाचा पहिला अभ्यास त्याच कागदी तुकड्यांनी होतो.

आपल्याकडे अशी रचना नसतानाही काहींनी ती स्वतःपुरती उभी केली. सुधीर पटवर्धन यांनी पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेतले, ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून अनेक वर्षे काम केले आणि त्याच काळात कष्टकऱ्यांची, लोकलमधल्या माणसांची चित्रे काढली. झरीना हाश्मी यांनी अलीगढला गणितात पदवी घेतली होती. त्यांच्या मुद्राचित्रांतील घरांचे आराखडे पाहताना ते गणित विसरता येत नाही. मात्र अशी नावे ऐकून कोणी ‘म्हणजे हात नसला तरी चालतो’ असा अर्थ काढू नये. सय्यद हैदर रझा यांचेच पाहा. १९३९ ते १९४३ ते आपल्या नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये होते, मग मुंबईला सर ज. जी. कला महाविद्यालयात गेले, मग पॅरिसला. पुढे त्यांची ओळख बनलेल्या ‘बिंदू’च्या चित्रांपर्यंत पोहोचण्याआधी त्यांनी जी निसर्गचित्रे केली, ती एवढ्या वर्षांच्या सरावाशिवाय झाली नसती.

तेव्हा आपल्या मुलीने तेथे जायचेच ठरवले तर हाताचे तास तिला स्वतः भरून काढावे लागतील, आणि त्यासाठी नागपूर ही वाईट जागा नाही. तेथील उन्हाळी सुट्टी साधारण मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत असते, आणि नेमके तेच महिने महालातल्या चितार ओळीत गणपतीच्या कामाचे असतात. लाकूड-बांबूचा सांगाडा, त्यावर तणस, त्यावर मातीचे थर, पावसाळी हवेत ते न तडकता वाळवण्याची खटपट आणि अगदी शेवटी डोळे, हे सर्व पाहायला आणि परवानगी मिळाल्यास करायला तिला दुसरीकडे शुल्क भरावे लागेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबती आणि बडगे हेही मी माझ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम पाहायला पाठवतो. कागद, कापड आणि बांबू यांतून दहा-बारा फुटांची आकृती उभी करायची, ती गर्दीतून हलवत न्यायची आणि शेवटी जाळून टाकायची, याला तेथील वर्गात ‘इन्स्टॉलेशन’ आणि ‘परफॉर्मन्स’ म्हणून दोन स्वतंत्र अभ्यासक्रम असतात.

महाविद्यालय निवडताना क्रमवारीच्या याद्या बाजूला ठेवाव्यात आणि चार साधे प्रश्न पत्राने विचारावेत. स्टुडिओची किल्ली विद्यार्थ्याला मिळते का, आणि रात्री व शनिवार-रविवारी तो उघडा असतो का? पहिल्या वर्षाचे ड्रॉइंग विभागातले कायम प्राध्यापक शिकवतात की दर वर्षी बदलणारे अंशकालीन शिक्षक? अखेरच्या वर्षी प्रत्येकाला कामाची स्वतंत्र जागा आणि प्रदर्शन मिळते का? एचिंगच्या (आम्लाने धातूचा पत्रा कोरून छापे काढण्याच्या) आणि तैलरंगाच्या खोलीत हवा बाहेर फेकण्याची सोय कशी आहे? शेवटचा प्रश्न विचारणारी माणसे फारच थोडी असतात, आणि त्याच्या उत्तरावरून विभाग खरोखर चालतो की केवळ माहितीपुस्तिकेत आहे ते कळते. स्वतःचे संग्रहालय असलेले महाविद्यालय मिळाले तर त्याला माझे दोन गुण जास्त. ओबर्लिन महाविद्यालयात १९४० पासून संग्रहालयातील मूळ कलाकृती विद्यार्थ्यांना नाममात्र भाड्याने सत्रभर आपल्या खोलीत लावायला मिळतात. विल्यम्स महाविद्यालयाच्या गावातच क्लार्क आर्ट इन्स्टिट्यूट आहे, आणि शेजारच्या नॉर्थ ॲडम्समध्ये जुन्या कापडछपाईच्या कारखान्याच्या इमारतींत समकालीन कलेचे प्रचंड संग्रहालय उभे आहे. (आपल्या एम्प्रेस मिलच्या जागेवर मॉल झाला, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही.)

खर्चाचे स्पष्टच बोलले पाहिजे. अमेरिकेतील खासगी महाविद्यालयांत राहण्या-जेवण्यासह वर्षाचा खर्च अनेक ठिकाणी ८० हजार डॉलरच्या वर गेला आहे. एवढे पैसे घरातून घालून चित्रकलेची बी.ए. करावी, असे मी कोणालाही सांगणार नाही. घर गहाण ठेवून तर नाहीच. मात्र ॲमहर्स्ट आणि बोडन यांसारखी काही मोजकी महाविद्यालये परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न पाहता प्रवेशाचा निर्णय करतात आणि नंतर गरजेइतके साहाय्य देतात. इतर बहुतेक ठिकाणी आपण किती साहाय्य मागता याचा प्रवेशावर परिणाम होतो. साहाय्य मिळाले तर जावे, न मिळाल्यास दुःख करू नये.

पुढच्या वाटेविषयी तीन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. तेथे एम.एफ.ए.ला कोणत्याही विषयातील पदवी चालते, पोर्टफोलिओ बघितला जातो. आपल्याकडे बहुतेक कला महाविद्यालये एम.एफ.ए.साठी बी.एफ.ए. मागतात, त्यामुळे बी.ए. घेऊन परतल्यास ती वाट अरुंद होते. महाराष्ट्रातील शाळेत कलाशिक्षक व्हायचे असल्यास ए.टी.डी.सारखी येथली पदविका लागते, परदेशी बी.ए.ने ते काम होत नाही. आणि सध्याच्या नियमांप्रमाणे पदवीनंतर तेथे कामाचा अनुभव घेण्यासाठी बारा महिने मिळतात. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना मिळणारी दोन वर्षांची वाढ स्टुडिओ आर्टला लागू नाही. मुलीचा दुसरा मुख्य विषय संगणकशास्त्र किंवा जीवशास्त्र असल्यास हे चित्र बदलते, आणि दोन मुख्य विषय घेणे तेथे अगदी नेहमीचे आहे.

जिला फक्त आणि फक्त चित्रे काढायची आहेत, गणिताचे किंवा समाजशास्त्राचे पुस्तक समोर आले की जिचा जीव गुदमरतो, तिने सरळ येथील प्रवेश परीक्षा द्याव्यात आणि बी.एफ.ए. करावे, नागपूर, मुंबई, बडोदा, शांतिनिकेतन यांपैकी जेथे मिळेल तेथे. जिला दोन्ही पूर्ण हवे आहे आणि पाचवे वर्ष देण्याची तयारी आहे, तिच्यासाठी ब्राउन विद्यापीठ आणि ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन यांचा पाच वर्षांचा संयुक्त अभ्यासक्रम आहे, पण त्यात जागा अगदी थोड्या असतात. आपली मुलगी यांतील कोणती, हे मी पत्रावरून सांगू शकत नाही. तिला जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकाची वही आवडते असे आपण ओघात लिहिले आहे, त्यावरून मात्र थोडा अंदाज येतो.

आता पोर्टफोलिओ. तेथे बहुतेक ठिकाणी १० ते २० छायाचित्रे मागतात, प्रत्येकाखाली माध्यम, आकार आणि वर्ष लिहून. आपल्या मुलांची येथे एक ठरावीक चूक होते: ती एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे कागद पाठवतात. त्या परीक्षांनी मोजून काढण्याची शिस्त लागते हे खरे, पण स्थिरचित्रात तोच पितळी तांब्या, तोच पडदा, आणि स्मरणचित्रात तेच नारळाचे झाड. समुद्रापासून इतक्या दूर, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात राहणाऱ्या नागपूरच्या मुलांच्या स्मरणात नारळाचे झाड कोठून येते, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही. तेथील प्राध्यापक अशी शंभर चित्रे पाहतात आणि त्यांना मुलगी कोण आहे ते कळत नाही. प्रत्यक्ष बघून काढलेली सात-आठ चित्रे, वहीची काही पाने जशी आहेत तशी, आणि एकाच विषयावर केलेली तीन-चार चित्रांची मालिका, एवढे पुरे. छायाचित्रे सकाळी आठच्या आत व्हरांड्याच्या सावलीत घ्यावीत. दुपारच्या थेट उन्हात कागद चकाकतो आणि खोलीतल्या दिव्याखाली पिवळा येतो.

आपण पत्रासोबत तीन चित्रे जोडली आहेत. फळांचे आणि बाजाराचे चित्र नीटनेटके आहे, पण ती दोन्ही बाजूला ठेवावीत. तिसरे, जे आपण ‘सहज काढलेले’ म्हणून क्षमा मागत पाठवले आहे, ते भौतिकशास्त्राच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर बॉलपेनने काढलेले आहे: दुपारी कुलरसमोर झोपलेले आजोबा, पोटावर वर्तमानपत्र, आणि वाऱ्याने उडालेला त्याचा एक कोपरा. त्यांचा डावा हात अपुरा राहिला आहे. तो पूर्ण करायला तिला सांगू नये. नोव्हेंबरपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत अर्जांच्या मुदती असतात, म्हणजे बारावीच्या हिवाळ्याआधी तिच्या हाती अजून एक पूर्ण उन्हाळा आहे. आजोबांची हरकत नसेल तर त्या उन्हाळ्यात रोज दुपारी तिने त्यांनाच काढावे, पेनानेच, आणि कोणतेही पान फाडू नये.